शके १८४० ची मानमोडी आणि आंबेडकरांची अर्थशास्त्राची प्राध्यापकी

प्रस्तुत टिपणास एक चुकीचें उत्तर निमित्त झालें, आणि तें उत्तर प्रस्तुत लेखकाचेंच होतें. इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी झाली, त्या वेळीं माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यास अर्थशास्त्राच्या एम्. ए. च्या वर्गांत होती. शाळेंत तिनें माझ्याजवळ संस्कृत केलेलें. वसतिगृह रिकामें करावें लागल्यानें ती गांवीं परतली. व्याख्यानें मोबाइलवर, आणि तींही माळवदावर चढल्याखेरीज ऐकूं येत नसत, ग्रंथालय बंद, परीक्षेनंतर जी नोकरी मिळावयाची तीही पुढें ढकलल्याचें पत्र आलेलें. तिनें मला विचारलें, "गुरुजी, चहूंकडे माणसें मरत असतां हें शास्त्र शिकून त्यावर कोणी उभें राहिलें आहे काय?" मीं तत्काळ कळविलें कीं, आंबेडकरांचें लंडनचें शिक्षण १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीनें मध्येंच तुटलें, आणि साथ सरल्यावर त्यांस मुंबईंत प्राध्यापकी मिळाली, तेव्हां धीर सोडूं नये. उत्तर धीर देणारें खरें. परंतु पुढें तारखा ताडून पाहिल्या तेव्हां त्याचे दोन्ही पाय लंगडे निघाले. तिला दुरुस्तीचें पत्र तेव्हांच धाडलें. त्या दुरुस्तीच्या निमित्तानें जें हातीं लागलें तें येथें मांडतों. कारण त्याचा शेवट संग्राहकांच्या कपाटांतील कागदांशीं येऊन भिडतो.

पहिली दुरुस्ती शिक्षणाची. आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, १९१५ मध्यें तेथील एम्. ए. झाले, आणि १९१६ मध्यें लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें व ग्रेज इनमध्यें दाखल झाले. १९१७ च्या ऑगस्टांत ते परत आले ते शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. साथीचें त्या वेळीं नांवही नव्हतें. चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून घेऊन ठेविली होती. स्वतः ते सुखरूप पोंचले, पण निराळ्या बोटीनें निघालेलें त्यांचें सामान पाणतीराच्या माऱ्यांत समुद्रतळीं गेलें. विद्यार्थ्याचा ग्रंथसंग्रह बुडणें म्हणजे काय, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

पुढें बडोद्यास करारानुसार नोकरीवर रुजू होणें, राहावयास जागा न मिळणें, पारशी खानावळींतून हांकलले जाणें आणि नोव्हेंबर १९१७ मध्यें मुंबईस परतणें, हा भाग सर्वांस ठाऊक आहे. त्याचा विस्तार करीत नाहीं. अर्थशास्त्राची अमेरिकेंतील पदवी जवळ असलेला सव्वीस वर्षांचा हा गृहस्थ मुंबईंत बेकार होता एवढें येथें पुरे. त्यानें शिकवण्या केल्या. शेअरांच्या व्यवहारांत सल्ला देण्याची एक लहानशी पेढी काढली. सल्ला देणारा कोणत्या जातीचा हें कळतांच गिऱ्हाइकें येईनाशीं झालीं आणि पेढी मिटली. शास्त्र उत्तम येत असून बाजारांत त्याचें मोल शून्य, असा हा काळ साथीच्या आधींचा आहे हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी दुरुस्ती प्राध्यापकीची. मुंबईंत इन्फ्ल्युएंझाची पहिली लाट १९१८ च्या जून महिन्यांत आली. गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई आधीं आजारी पडले. मग ताप घरोघर फिरला, पण फार माणसें न नेतां ओसरला. त्याच वर्षीं पाऊस बुडाला. सप्टेंबरांत दुसरी लाट आली ती मात्र निराळ्याच स्वरूपाची. ऑक्टोबरच्या ६ तारखेस एकट्या मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली; शके १८४० च्या आश्विनांतील नवरात्राचा तो आरंभ होता. महाराष्ट्राच्या खेड्यांतून या तापास 'मानमोडी' म्हणत, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यांत पुढें कित्येक वर्षें 'मानमोडीचें साल' ही कालगणनेची खूण होती. देशांतील एकंदर मृत्यूंचा सरकारी सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनीं १९१९ मध्यें केलेला अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. १९२१ च्या खानेसुमारीनंतर तो सव्वा कोटीवर गेला. १९८६ मध्यें मिल्स या अभ्यासकांनीं तो पावणेदोन कोटींच्या घरांत नेला. अंदाजांत एवढी तफावत पडावी याचें कारण उघड आहे. नोंद करणारा पाटील-कुलकर्णीच जेथें अंथरुणास खिळला, तेथें नोंद कोणी करावी?

सिडनहॅम कॉलेजांत आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले ते १९१८ च्या नोव्हेंबरांत, दरमहा ४५० रुपयांवर. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. म्हणजे साथ सरल्यावर नव्हे, तर तिच्या ऐन कहरानंतर अवघ्या पांच आठवड्यांनीं. मफसलांत माणसें तेव्हांही मरत होतीं, आणि १९१९ च्या आरंभीं कित्येक भागांत पुन्हां एक लहानशी लाट आली. जागा मिळण्यास मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशीं लंडनमध्यें झालेला परिचय उपयोगी पडला असें चरित्रकार धनंजय कीर यांनीं दिलें आहे. साथीमुळें जागा मिळाली असें कोणी म्हणूं लागेल तर तें प्रमाणाबाहेरचें होईल. मीं एकदां ती चूक केली आहे. साथीच्या मध्यावर मिळाली, इतकेंच कागद बोलतात.

कीरांनींच दिलेली आणखी एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. प्राध्यापकांसाठीं ठेविलेल्या पाण्याच्या भांड्यास आंबेडकरांनीं हात लावूं नये अशी कांहीं सहकाऱ्यांची हरकत होती. त्या वर्षीं एका भांड्यांतील पाण्याविषयीं धास्ती बाळगण्यास वैद्यकाचा आधार मिळाला असता; परंतु हरकत तापाची नव्हती. विद्यार्थ्यांची वृत्ति मात्र लवकर पालटली. हे काय शिकविणार म्हणून प्रथम उदासीन असलेले वर्ग पुढें भरून गेले, आणि अन्य कॉलेजांचे विद्यार्थीही परवानगी काढून व्याख्यानास येऊं लागले. त्याच हुद्यावर असतां, जानेवारी १९१९ मध्यें, त्यांनीं साउथबरो कमिटीपुढें मताधिकाराविषयीं साक्ष दिली.

कॉलेजचे प्रिन्सिपॉल त्या वेळीं पर्सी ॲन्स्टी होते. तेही लंडनच्याच स्कूलचे. १९२० च्या नोव्हेंबरांत मुंबईंत पटकीनें त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्नी व्हेरा ॲन्स्टी मुलांसह इंग्लंडास परतल्या, लंडन स्कूलमध्यें अध्यापन करूं लागल्या, आणि १९२९ सालीं त्यांचा हिंदुस्थानच्या आर्थिक विकासावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका पिढीनें या देशाचें अर्थशास्त्र त्या ग्रंथावरून शिकलें. रोगानें घर मोडलें तेव्हां या बाईंस त्याच विद्येनें हात दिला. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नास हें दुसरें उत्तर पहिल्याहून अधिक नेमकें बसतें, असें मला नंतर वाटलें.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. १९१८ सालींच 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी' या मुंबईच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडांत आंबेडकरांचा हिंदुस्थानांतील लहान शेतांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्या काळीं शेतांचे तुकडे हा विषय जिकडेतिकडे चर्चिला जात होता. बडोदें सरकारच्या कमिटीनें १९१७ मध्यें तुकडे एकत्र करण्याच्या सूचना केल्या होत्या. मुंबई इलाख्याचे शेतकी डायरेक्टर कीटिंग आणि अलाहाबादचे प्रोफेसर जेव्हन्स यांचेही उपाय त्याच धर्तीचे होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचें पुण्याजवळील पिंपळें सौदागर या गांवावरील पुस्तक १९१७ सालचेंच. या गांवीं खातेदाराची सरासरी जमीन १७७१ मध्यें ४० एकर होती, ती १८१८ मध्यें साडेसतरा आणि १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, असें मॅन यांनीं दाखविलें. पेशवाईंतील गांवच्या आंकड्यांस अर्थशास्त्राच्या वादांत साक्षीस आणण्याचा हा आरंभीचा नमुना होय. आपल्या मंडळींनीं त्याची जितकी दखल घ्यावयास हवी होती तितकी घेतली नाहीं.

आंबेडकरांनीं या सर्वांस उलटा प्रश्न केला. शेत लहान कीं मोठें हें एकरांवरून ठरवावयाचें काय? त्यांचें म्हणणें असें कीं, शेत किफायतीचें आहे कीं नाहीं हें जमीन, अवजारें, बैल, भांडवल आणि श्रम यांच्या परस्परांतील प्रमाणावर अवलंबून असतें. ज्याच्याजवळ धड नांगर नाहीं त्यास दुप्पट जमीन दिल्यानें त्याचें दारिद्र्य दुप्पटच पसरावयाचें. खरा रोग निराळाच आहे: जमिनीवर पोसलें जाणारें पण जमिनीस नको असलेलें मनुष्यबळ. तें रिकामें बसून खातें, आणि त्यामुळें शेतींत शिल्लक पडत नाहीं. शिल्लक नाहीं म्हणून भांडवल नाहीं. तेव्हां या माणसांस शेताबाहेर काम देणारे कारखाने काढणें हाच शेती सुधारण्याचा मार्ग. बडोद्याच्या पैशावर शिकलेल्या तरुणानें बडोद्याच्याच कमिटीचा असा समाचार घ्यावा, यांत मला त्याच्या बाण्याचें दर्शन होतें.

निबंधांत साथीचा उल्लेख नाहीं. पण निबंधाचें साल आणि साथीचें साल एकच, ही गोष्ट पुढें मोठ्या वादाचें मूळ ठरली. शेतीवरील फाजील मनुष्यबळाचा सिद्धांत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोप-अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञांनीं निराळ्या वाटेनें पुन्हां मांडला. तो खोडून काढण्यास अमेरिकन पंडित थिओडोर शुल्ट्झ यांनीं १९६४ च्या आपल्या ग्रंथांत प्रमाण कोणतें शोधलें? हिंदुस्थानांतील १९१८-१९ ची हीच मानमोडी. त्यांची मांडणी अशी: जमिनीवर माणसें खरोखरच फाजील असतील, तर त्यांतील कांहीं एकाएकीं नाहींशीं झाल्यानें पेरा घटतां कामा नये. साथीनें शेतीवरील मनुष्यबळ शेंकडा सुमारें ८ नीं उणें केलें. मागचीपुढचीं पाऊसपाण्याचीं बरीं अशीं दोन वर्षें, १९१६-१७ आणि १९१९-२०, घेऊन त्यांनीं पेऱ्याचें क्षेत्र ताडून पाहिलें, तों तें शेंकडा ३.८ नीं कमी भरलें. अर्थात् मेलेले हात रिकामे नव्हते, सिद्धांत खोटा. शुल्ट्झ यांचा वाद आंबेडकरांशीं नव्हता. परंतु घाव लागला तो १९१८ च्या त्या निबंधाच्याही वर्मीं.

यास अमर्त्य सेन यांनीं १९६७ मध्यें 'इकॉनॉमिक जर्नल'मध्यें उत्तर दिलें. फाजील मनुष्यबळ म्हणजे, एका घरांत चार हात आहेत, त्यांतील एक गेला तर उरलेले तिघे थोडें अधिक राबून तेंच शेत पुरें करतील, एवढाच त्या सिद्धांताचा अर्थ आहे. साथ मात्र घरें मोजून, प्रत्येकीं एक, अशी माणसें नेत नाहीं. एका घरांतून सगळे गेले आणि शेजारच्या घरांतून कोणीच नाहीं, असें झालें तर पहिल्याचें शेत पडीक राहील आणि दुसऱ्याच्या घरांतील फाजील हात फाजीलच राहतील. तेव्हां पेरा घटला एवढ्यावरून दुसऱ्या घरांत रिकामे हात नव्हते असें सिद्ध होत नाहीं. शुल्ट्झ यांनीं याचें प्रत्युत्तर दिलें. पुढें दोघांसही नोबेल पारितोषिक मिळालें, शुल्ट्झ यांस १९७९ मध्यें आणि सेन यांस १९९८ मध्यें. तेव्हां कोण हरला याचा निकाल स्टॉकहोमहून लागला नाहीं हें उघड आहे.

माझें मत सेन यांच्या बाजूस झुकतें, आणि त्यास एक जुनें कारण आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत रोगराई आणि दुष्काळ यांत अधिक घातक कोण असा विचार आला आहे. पूर्वाचार्यांचा पक्ष असा कीं रोगराई अधिक वाईट, कारण ती कामें बंद पाडते. दुष्काळानें कामें बंद पडत नाहींत. कामें कां बंद पडतात याचीं कारणें सांगतांना ते केवळ मेलेल्यांवर थांबत नाहींत. आजारी पडलेले आणि आजाऱ्याच्या उशाशीं बसलेले यांसही ते हिशेबांत धरतात. कौटिल्याचा निर्णय याच्या उलट आहे: रोग एका प्रदेशास पीडतो आणि त्यावर उपाय चालतो, दुष्काळ साऱ्या देशाचें जीवनच तोडतो. शके १८४० मध्यें दोन्ही संकटें एकदम आलीं, आणि रोग एका प्रदेशापुरता राहिला नाहीं, ही स्थिति आचार्याच्या दोन्ही कोष्टकांबाहेरची. या साथीचा विशेष हा कीं तिनें म्हातारे व पोरें यांच्यापेक्षां वीस ते चाळीस वयाचीं माणसें, आणि त्यांतही बायका, अधिक नेल्या. निंदणी-खुरपणी, कापणी, मळणी हीं बायकांच्या हातचीं कामें. घरची कर्ती बाई गेली तेव्हां मागें उरलेल्या पुरुषानें पोरें सांभाळावीं कीं पाभर धरावी? वर चाऱ्यावांचून गुरें मेलेलीं. अशा गांवीं पेरा घटला तर त्याचें कारण 'मनुष्यबळ शेंकडा ८ नीं उणें' या एका ओळींत मावत नाहीं. (शामशास्त्र्यांनीं कौटिलीयाचा मूळ पाठ म्हैसुरास १९०९ मध्यें छापला, म्हणजे मानमोडीच्या वेळीं हा ग्रंथ पंडितांच्या हातीं येऊन जेमतेम नऊ वर्षें झालीं होतीं.)

आंबेडकर मार्च १९२० मध्यें सिडनहॅम सोडून, शिल्लक टाकलेला पगार, नवल भथेना या मित्राचें कर्ज आणि शाहू महाराजांचें साह्य यांच्या बळावर जुलैंत पुन्हां लंडनास गेले. परवानगीचीं चार वर्षें भरण्यास तेव्हां वर्षाहून थोडा अधिक काळ उरला होता. १९२१ मध्यें एम्. एस्सी. आणि १९२३ मध्यें डी. एस्सी. झाले, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षीं ग्रंथरूपानें निघाला. ते मुंबईंत शिकवीत होते त्याच काळांत चांदी महागली होती, एक रुपयाच्या नोटा नुकत्याच निघाल्या होत्या आणि हुंडणावळीचा भाव दर कांहीं महिन्यांनीं बदलत होता. वर्गांतील विषय आणि बाजारांतील घालमेल यांत अंतर नव्हतें. लहान शेतांच्या विषयाकडे मात्र पुन्हां तशा विस्तारानें वळण्यास त्यांस सवड झाली नाहीं.

शुल्ट्झ आणि सेन यांचा वाद जेथें अडला तेथें आपल्या कामास आरंभ होऊं शकतो. दोघांचेही आंकडे प्रांतांचे आहेत. प्रश्न घरांचा आहे. अमुक गांवीं अमुक घरांतून किती गेले, पुढच्या खरिपास त्या घरच्या जमिनीचें काय झालें? याचें उत्तर देणारे कागद मुंबई इलाख्यांत आहेत. गांवचें जन्ममृत्यूचें रजिस्टर कुलकर्णी ठेवी. १९०३ च्या आणि नंतर १९१३ च्या कायद्यान्वयें हक्कनोंदणी सुरू झालेल्या गांवीं खातेदार मेला कीं वारसाची नोंद फेरफारांत होई. ती तारखेनिशीं असते, आणि बहुधा कोण मयत, मागें कोण, अज्ञान असल्यास पालक कोण, हेंही तींत असतें. पीकपाण्याचे तक्ते त्याच दप्तरांत. तिन्ही कागद एकापुढें एक ठेविले म्हणजे कोणतें शेत पडीक राहिलें आणि तें कोणाच्या घरचें, हें वाचतां येईल. मृत्यूच्या रजिस्टरांत ऑक्टोबर १९१८ च्या पानांवर खंड दिसेल तेथें त्या खंडासच पुरावा मानून फेरफारांतील नोंदींनीं तो भरून काढावा; कारण माणूस मेल्याची नोंद राहिली तरी जमिनीची नोंद कोणी राहूं देत नाहीं.

माझ्या विद्यार्थिनीनें नोकरी पुढें गेलेल्या त्या वर्षांत आपल्या तालुक्यांतील तीन गांवांचे फेरफार याच दृष्टीनें उतरून घेण्यास आरंभ केला, आणि आज तोच तिच्या प्रबंधाचा विषय आहे. तिचे आंकडे तिचे आहेत. ते मी येथें छापीत नाहीं.

वतनदार घराण्यांच्या दप्तरांतून पेशवाईच्या सनदा, महजर व हकीकती वेंचून घेतांना शेवटच्या कुलकर्ण्याच्या हातचे इंग्रजी अंमलांतील फॉर्म आपण आजवर रद्दींत टाकीत आलों. प्रस्तुत लेखकानेंही १९९० च्या सुमारास असें एक गांठोडें एका घरीं तसेंच सोडून दिलें होतें. दोन वर्षांपूर्वीं तेथें पुन्हां गेलों, तेव्हां घराची वाटणी होऊन कोठीची खोली पाडलेली होती. ज्यांच्याजवळ शके १८३९ ते १८४२ चीं जन्ममृत्यूचीं रजिस्टरें, फेरफाराच्या नकला, घरखर्चाच्या वह्या किंवा नुसतीं पंचांगाच्या मागील कोऱ्या पानांवरचीं टिपणें असतील, त्यांनीं गांव, कागदाचें स्वरूप आणि पानांची संख्या एवढें मंडळाकडे कळवावें. मूळ कागद पाठविण्याची आवश्यकता नाहीं, छायाचित्र चालेल.